शिंग फुंकायचं की ऐकायचं?

ज्यूंच्या नववर्षाला, रोश हशानाला, सिनेगॉगमध्ये मेंढ्याचं शिंग म्हणजे शोफार फुंकतात. कोकणातले बेने इस्राएल ज्यू याच दिवसाला ‘नव्याचा सण’ म्हणत आले. आज्ञा शिंग फुंकण्याची आहे आणि बाकी मंडळी नुसती श्रोते, असं कुणालाही वाटेल. धर्मशास्त्र मात्र उलट सांगतं: कर्तव्य ऐकण्याचं आहे, फुंकणं हे त्याचं साधन. शिंग हाती घेतल्यावर म्हणायच्या स्तुतिवचनातही शोफारचा आवाज ऐकण्याच्याच आज्ञेचा उल्लेख येतो. याहून पक्का पुरावा चोरीच्या शिंगाचा. सुक्कोथच्या सणात हाती धरायची खजुराची फांदी चोरीची असेल तर चालत नाही. चोरलेल्या शोफारने मात्र आज्ञा पाळली जाते. बाराव्या शतकातले ज्यू धर्मशास्त्री मायमोनिडीस याचं कारण देतात, की इथे कर्तव्य आवाज ऐकण्याचं आहे आणि आवाजाला चोरीचा नियम लागू होत नाही. चोरी अर्थातच पाप राहते. ज्याला मुळीच ऐकू येत नाही, त्याची छाती कितीही दमदार असो, त्याच्यावर ही आज्ञा नाही. म्हणून त्याने फुंकून इतरांचंही कर्तव्य पुरं होत नाही.

याला विरोध झाला, तोही मातब्बर माणसाकडून. त्याच शतकात फ्रान्समधले रब्बेनू ताम यांनी स्तुतिवचन ‘शोफार फुंकण्याविषयी’ असावं असं मत दिलं. कृती करायलाच हवी, हा त्यांचा आग्रह पोकळ नाही. ऐकणंच पुरेसं असतं, तर स्वतः फुंकणाऱ्यावर ती आज्ञा असली पाहिजे, ही अट कशासाठी? माझ्या मते याचं उत्तर मिश्नामध्येच, म्हणजे ज्यूंच्या प्राचीन धर्मनियमांच्या संहितेतच आहे. सिनेगॉगमागून जाणाऱ्याच्या कानी शोफार पडला, तर मन तिकडे लावलं असेल तरच त्याची आज्ञा पुरी होते, नाहीतर नाही. म्हणजे नुसतं कानावर पडणं हे शास्त्राच्या लेखी ऐकणंच नव्हे. मिश्नावरच्या चर्चांचा ग्रंथ असलेल्या तालमूदमधून पुढे रुजलेला नियम तर दोघांनाही बांधतो: फुंकणाऱ्याने ऐकणाऱ्यासाठी फुंकायचं आणि ऐकणाऱ्याने आज्ञा म्हणून ऐकायचं.

मग ध्वनिमुद्रण का चालू नये? मिश्नाने ही वाट आधीच अडवली आहे. कुणी खड्ड्यात किंवा रांजणात शोफार फुंकला, तर बाहेरच्याने शोफारचाच आवाज ऐकला की केवळ प्रतिध्वनी, हे पाहायचं. प्रतिध्वनीने कर्तव्य होत नाही. ध्वनिमुद्रण आणि ध्वनिक्षेपक या दोन्हींबद्दल बहुतेक आधुनिक शास्त्री याच न्यायाने नकार देतात, आणि मला तो सुसंगत वाटतो. साथीच्या काळात, 2020 साली, या काटेकोरपणाचा कस लागला. त्या वर्षी सणाचा पहिला दिवस शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या विश्रांतिदिनाचा, म्हणून रिवाजाप्रमाणे फुंकणं दुसऱ्या दिवशी, रविवारी झालं. अनेक ठिकाणी फुंकणारे रस्त्यांवर, मोकळ्या आवारांत उभे राहिले. खिडकीत उभं राहून मन लावून ऐकणाऱ्या आजारी म्हाताऱ्यांची आज्ञा पाळली गेली.