फिश टँकच्या स्टँडला दारं

लोखंडी अँगलच्या स्टँडखाली एअर पंप, वायरींचं जंजाळ, खाद्याचे डबे असा सगळा पसारा उघडा दिसतो. तो झाकायला सुतार बोलावण्याआधी एक लक्षात घ्या: ३६ × १५ × १८ इंचांच्या टाकीत काठोकाठ सुमारे १५९ लिटर, म्हणजे तेवढेच किलो पाणी मावतं. काच आणि रेती वेगळीच. हा भार अँगलनेच पेलायचा. दार फक्त झाकण्यापुरतं.

सर्वांत सोपा उपाय, आणि माझ्या मते सर्वांत शहाणपणाचा, म्हणजे मागून चुंबकं चिकटवलेली पातळ पाटी. लोखंडाला ती आपसूक धरते, हवी तेव्हा निघते. बिजागऱ्याच हव्या असतील तर वेल्डिंग टाकी रिकामी करून, स्टँडवरून उतरवूनच करा.

नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो आणि घरोघरी कूलर चालतात. त्या दमटपणात साधा प्लाय फुगतो, म्हणून आयएस ७१० मरीन प्लाय घ्या आणि कापलेल्या कडाही रंगवा. मागची बाजू मात्र उघडीच ठेवा, पंपाची उष्णता निघायला हवी. वायर सॉकेटच्या खाली लोंबून मग वर गेलेली असावी. ओघळलेलं पाणी तिथेच गळून पडतं, प्लगमध्ये शिरत नाही.