गेम खेळून टीव्ही खरंच ‘जळतो’ का?

‘ओएलईडी टीव्ही घेतलाय, रोज गेम खेळलो तर स्क्रीन खराब होईल का?’ असं कुणी विचारलं की लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो ‘काही होत नाही’, दुसरा म्हणतो ‘वाट लागते’. पुरावा म्हणून दोघांकडेही एखाद्या मित्राचा टीव्ही असतो. तुम्ही संशोधनाची तयारी करताय, तर हा प्रश्न मोजता येईल असा कसा करायचा ते पाहूया.

नेमकं काय होतं?

ओएलईडीमध्ये मागे वेगळा दिवा नसतो, प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो. उजळताना त्यातला सेंद्रिय पदार्थ हळूहळू झिजतो आणि तेवढ्याच विद्युतप्रवाहात कमी प्रकाश देऊ लागतो. सगळे पिक्सेल सारखे झिजले तर डोळ्याला फारसं कळत नाही. खरी अडचण असमान झिजेची आहे. जुन्या देवळाच्या पायऱ्या मधोमधच खोलगट झालेल्या असतात ना, तसंच. गेममधला स्कोअर, नकाशा, हेल्थ बार तासन्‌तास एकाच जागी उजळत राहतात. तिथले पिक्सेल आधी थकतात आणि मग सिनेमा पाहतानाही पुसट छाप दिसते.

इथे एक गल्लत टाळा. काही वेळाने आपोआप जाणारी छाप म्हणजे इमेज रिटेन्शन. कायम राहते ती बर्न-इन. त्यामुळे वहीत नुसतं ‘डाग दिसला’ लिहून भागत नाही. किती तासांनी आणि कोणत्या रंगाच्या पडद्यावर पाहिलं, तेही लिहावं लागतं.

एक चांगला प्रयोग

२०१८ मध्ये आरटिंग्ज या चाचणी करणाऱ्या संस्थेने एलजीचे एकाच मॉडेलचे ६ ओएलईडी टीव्ही रोज २० तास चालवले. कुठे बातम्या, कुठे गेम, कुठे इतर कार्यक्रम. आपण घरी रोज ४ तास टीव्ही वापरतो असं धरलं, तर त्यांचे ५,००० तास म्हणजे आपली जवळजवळ साडेतीन वर्षं.

यातली सुंदर गोष्ट अशी की दोन टीव्हींवर एकच वृत्तवाहिनी होती. फरक फक्त ब्राइटनेसचा. एक २०० निट्सवर, दुसरा कमाल पातळीवर. बाकी सगळं सारखं ठेवून एकच घटक बदलणं ते हेच! स्थिर लोगो आणि पट्ट्या असलेल्या या टीव्हींवर कायमच्या छापा उमटल्या, कमाल ब्राइटनेसवर जास्त ठळक. ज्यांवर दृश्यं सतत बदलत होती, त्यांवर नेहमीच्या वापरात तेवढ्या तासांनंतरही ठळक फरक दिसला नाही.

मर्यादाही ओळखा. प्रत्येक परिस्थितीत एकच टीव्ही होता. एखादा पॅनेल मुळातच कमकुवत असेल तर?

ब्राइटनेसचं गणित

ओएलईडीचं आयुष्य ब्राइटनेसच्या एका घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतं. हा घात साधारण १.५ ते २ असतो. म्हणजे ब्राइटनेस निम्मा केला तर आयुष्य दुप्पट नाही, जवळपास तिप्पट ते चौपट होतं. म्हणून ‘किती तास खेळलो’ एवढंच विचारणं अपुरं आहे.

मग करायचं काय?

- खोलीत अंधार असेल तर ब्राइटनेस उतरवा.
- गेमच्या सेटिंगमध्ये स्कोअर-नकाशा लपवता किंवा फिका करता येत असेल तर करा.
- गेम पॉज करून जेवायला जाऊ नका. कन्सोलचा स्क्रीनसेव्हर आणि टीव्हीचा पिक्सेल शिफ्ट चालू ठेवा.
- रिमोटने टीव्ही बंद केल्यावर लगेच भिंतीवरचं बटण बंद करू नका. आपल्याकडे ही सवय पक्की असते! पण बरेच ओएलईडी टीव्ही स्टँडबायमध्येच पिक्सेल तपासून दुरुस्ती करतात, त्यासाठी वीज लागते.

ही दुरुस्ती झिजलेला पदार्थ परत आणत नाही, फक्त फरक झाकते. म्हणून हाताने पुन्हा पुन्हा चालवून फायदा नाही.

तुमच्यासाठी गृहपाठ

समजा तुमच्याकडे ६ टीव्ही आणि एक वर्ष आहे. ‘छाप तासांमुळे पडते की ब्राइटनेसमुळे’ हे वेगळं करायचंय. टीव्ही कसे वाटाल? प्रत्येक गटात किती ठेवाल? आणि ‘छाप पडली’ हे डोळ्यांनी ठरवाल की उपकरणाने? आधी कागदावर मांडा, मग कमेंटमध्ये लिहा.