सराव सामना (ई-क्रीडा)

ई-क्रीडेत दोन किंवा अधिक संघांनी स्पर्धेबाहेर, परस्परसंमतीने खेळलेल्या सामन्यास सराव सामना म्हणतात. खेळाडूंच्या बोलीत तो 'स्क्रिम' होय. 'स्क्रिमेज' या इंग्रजी शब्दाचे हे लघुरूप. 'चकमक' हा अर्थाने जवळचा मराठी शब्द मात्र रूढ झालेला नाही. अशा सामन्यात विजयापेक्षा, त्या दिवशी नेमके काय तपासायचे हे आधी ठरवणे महत्त्वाचे असते.

पाच-पाच खेळाडूंच्या व्हॅलोरंट या खेळात स्पर्धेतील सामना 13 फेऱ्या जिंकताच संपू शकतो. सरावात मात्र बहुधा आक्रमणाच्या 12 आणि बचावाच्या 12 अशा सर्व 24 फेऱ्या खेळल्या जातात. 13-3 वर थांबल्यास उत्तरार्धाच्या चारच फेऱ्या पदरात पडतात. नकाशा, वेळ आणि सर्व्हर आधीच ठरवतात. पुढील आठवड्यात ज्यांच्याशी गाठ पडणार, त्यांच्यासमोर नवी चाल खेळणे टाळले जाते.

छत्रपती संभाजीनगरहून खेळणाऱ्या संघास मुंबईचा सर्व्हर सोयीचा असतो. सुमारे 335 किलोमीटर अंतर प्रकाशतंतूतून जाऊन येण्यास जेमतेम साडेतीन मिलिसेकंद लागतात. प्रत्यक्षातील 'पिंग' याहून बराच अधिक असतो. त्यास जाळ्यातील वळसे, मधली उपकरणे आणि घरातील वायफाय कारणीभूत ठरतात. प्रतिस्पर्धी सिंगापूरचा असल्यास सर्व्हर कोणताही निवडला तरी एका बाजूस विलंब सोसावा लागतो.

बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडियाची (बीजीएमआय) अडचण निराळी आहे. त्याच्या स्पर्धात्मक सामन्यात सामान्यतः चार-चार खेळाडूंचे 16 संघ एकाच वेळी उतरतात. त्यामुळे दोन संघांनी आपसांत ठरवून सराव होत नाही. कोणीतरी आयोजक लागतो. शिवाय गमावण्यासारखे काही नसल्याने काही संघ आरंभीच बेफिकीरपणे भिडतात आणि शेवटच्या वर्तुळात स्पर्धेइतकी दाटी उरतच नाही. असा सराव दिशाभूल करतो. ते टाळण्यासाठी आयोजक गुणतक्ता किंवा लहान बक्षीस ठेवतात. 28 जुलै 2022 रोजी हा खेळ ॲप दुकानांतून हटवण्यात आला आणि मे 2023 मध्ये परतला. मधल्या काळात अनेक संघांपुढे सरावाचाच प्रश्न उभा राहिला.

ऑनलाइन खेळांविषयीच्या 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळण्यास मनाई केली, पण ई-क्रीडेतील प्रवेशशुल्क व कामगिरीवर आधारित बक्षीस यांना वाव ठेवला. सशुल्क सराव सामने भरवणाऱ्यांस हा फरक ध्यानात घ्यावा लागतो.

सामन्यानंतर ध्वनिचित्रमुद्रण पाहिले जाते. सगळे पाहण्यापेक्षा ठरवलेल्या मुद्द्याच्या दोन-तीन फेऱ्या, त्याही खेळाडूंना आपापले निर्णय आठवत असतानाच, पाहणे अधिक उपयुक्त ठरते.