बर्फ नष्ट करायला किती ऊर्जा लागते?

वस्तू नष्ट करायला लागणारी ऊर्जा नाशाच्या प्रकारावर ठरते. शून्य अंश सेल्सिअसच्या १ किलो बर्फावरून हे स्पष्ट होते.

बर्फ फोडून १ मिलिमीटर बाजूचे घन केले, तर त्यांचे एकूण पृष्ठफळ साधारण ६.५ चौरस मीटर भरते. बर्फाची पृष्ठीय ऊर्जा दर चौरस मीटरला सुमारे ०.१ ज्यूल, म्हणजे किमान गरज १ ज्यूलहूनही कमी. प्रत्यक्षात हातोडा कितीतरी जास्त ऊर्जा खातो. तिची बहुतांशी उष्णता होते, काही आवाजात आणि उडणाऱ्या तुकड्यांच्या गतीत जाते.

तोच बर्फ वितळवायला ३३४ किलोज्यूल लागतात. पाणी १०० अंशांपर्यंत तापवायला ४१९ आणि त्याची वाफ करायला आणखी २,२५७. एकूण ३,०१० किलोज्यूल, म्हणजे सुमारे ०.८४ युनिट वीज. पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये विघटन करायचे, तर किलोमागे सुमारे १५,९०० किलोज्यूल हवेत.

फोडताना फक्त तड्याच्या पृष्ठभागावरचे बंध तुटतात. वाफ होताना प्रत्येक रेणू शेजाऱ्यांपासून सुटतो. विघटनात रेणूच्या आतले, त्याहून बळकट बंध तोडावे लागतात. म्हणून अंदाज बांधताना आधी कोणते बंध तुटणार आणि किती, हे ठरवावे लागते.