आधी मोटार, मग शर्यत

२३ डिसेंबर १९९७ रोजी सोनीच्या प्लेस्टेशनसाठी ‘ग्रॅन टुरिस्मो’ जपानमध्ये विक्रीला आला, तेव्हा मोटारींच्या शर्यतीचे व्हिडिओ गेम ही नवलाई राहिली नव्हती. नामकोच्या ‘रिज रेसर’ने आणि सेगाच्या ‘डेटोना यूएसए’ने आर्केडमधल्या पोरांना केव्हाच वेड लावलं होतं. नाणं टाकायचं, काही मिनिटं जिवाच्या आकांताने गाडी हाणायची, आणि वेळ संपली की खेळ खलास. त्या गाड्या काल्पनिक होत्या. त्यांना वेग होता, पण कुळ नव्हतं. १९९४च्या ‘द नीड फॉर स्पीड’ने खऱ्या मोटारी आणल्या आणि ‘रोड अँड ट्रॅक’ या अमेरिकी मासिकाच्या मदतीने त्यांची वागणूकही बरीच अस्सल ठेवली. पण त्या होत्या आठ, आणि बहुतेक स्वप्नातल्या: फेरारी, लॅम्बोर्गिनी, पोर्शे या पंगतीतल्या. ‘ग्रॅन टुरिस्मो’त सुमारे १४० मोटारी होत्या. त्यांत निस्सान स्कायलाइन जीटी-आर आणि टोयोटा सुप्रा होत्या, तशाच होंडा सिव्हिक आणि माझदा डेमिओही होत्या. डेमिओ म्हणजे जपानी कुटुंबं बाजारहाटाला नेतात ती आखूड, उंच, कुणी वळूनही पाहणार नाही अशी गाडी. तिला शर्यतीच्या खेळात जागा का मिळाली, या प्रश्नाच्या उत्तरात या मालिकेचा पुढचा सगळा इतिहास सामावलेला आहे.

माझं म्हणणं असं की या मालिकेचा विषय शर्यत हा नाहीच. तिचा विषय मोटार आहे. शर्यत हे त्या मोटारीशी ओळख करून घ्यायचं निमित्त आहे. मालिकेचे गुण याच भूमिकेतून आले, आणि ज्या दोषांबद्दल तिला पंचवीस वर्षं बोल लावले गेले तेही तिथूनच आले. निर्माता काझुनोरी यामाऊची यांनी १९९२च्या सुमारास या कल्पनेवर काम सुरू केलं. सोनीने आधी त्यांच्याकडून ‘मोटर टून ग्रां प्री’ हा कार्टून गाड्यांचा बाळबोध खेळ करून घेतला, तो १९९४मध्ये आला. मनातला खेळ पुरा व्हायला पाच वर्षं गेली. १९९८मध्ये याच मंडळींची पॉलिफनी डिजिटल ही कंपनी झाली आणि तेव्हापासून मालिकेची सूत्रं एकाच माणसाच्या हाती आहेत. व्हिडिओ गेमच्या धंद्यात इतकी सलगता दुर्मीळ आहे.

पहिल्या खेळाची रचना पाहिली की भूमिका स्पष्ट होते. हातात १०,००० क्रेडिट देऊन खेळ तुम्हाला थेट बाजारात सोडतो. एवढ्या पैशांत नवी स्कायलाइन येत नाही. जुन्या गाड्यांच्या यादीत शोधाशोध करून एखादी वापरलेली मोटार घ्यावी लागते. त्याआधी किंवा त्याबरोबर परवाना काढायचा. परवान्याची पहिली परीक्षा म्हणजे सरळ रस्त्यावर वेग घेऊन आखलेल्या चौकटीत गाडी थांबवणं. समोर कुणी प्रतिस्पर्धी नाही. मग एकच वळण, मग वळणांची जोडी. पुढची चाकं ओढतात ती गाडी जोरात वळवली की नाक बाहेर का फेकते, मागची चाकं ढकलतात ती शेपूट का काढते, इंजिन मध्यभागी असलं की ती भोवऱ्यासारखी गरकन का फिरते, हे कुणी व्याख्यान देऊन सांगत नाही. वेळ चुकते, पुन्हा करावं लागतं आणि हाताला ते कळतं. थोडं बक्षीस मिळालं की सायलेन्सर बदलायचा, स्प्रिंग कडक करायची, गिअरचं प्रमाण जुळवायचं. शर्यत जिंकून मिळणारा पैसा मोटारीवरच खर्च होतो. डिजिटल बटणाने स्टिअरिंग फिरवण्याच्या काळात हे सगळं हाताला जाणवणं अवघड होतं. पण सोनीचा ड्युअलशॉक हा काड्यांचा आणि कंप देणारा कंट्रोलर जपानात नोव्हेंबर १९९७मध्ये, म्हणजे महिनाभर आधीच आला होता. हा योग खेळाच्या चांगलाच पथ्यावर पडला. पहिल्या भागाच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या.

ज्या जपानी मोटारींनी हा खेळ भरला होता, त्यांचा काळ लक्षात घ्यायला हवा. १९८०च्या दशकाच्या शेवटी जपानी कंपन्यांकडे पैसा होता आणि अभियंत्यांना मोकळीक होती. त्यातून स्कायलाइन जीटी-आर, एनएसएक्स, आरएक्स-७, इम्प्रेझा, लान्सर एव्होल्यूशन अशा गाड्या निघाल्या. आपसांतल्या समजुतीने या कंपन्या जाहिरातीत २८० अश्वशक्तीच्या वर आकडा देत नसत; हा संकेत २००४पर्यंत टिकला. त्याच काळात खालच्या टोकाला ६६० सीसी आणि ६४ अश्वशक्तीच्या मर्यादेत बसणाऱ्या इवल्या ‘केई’ मोटारी होत्या. आपल्याकडे ऑल्टो म्हटलं की मध्यमवर्गाची पहिली गाडी डोळ्यांपुढे येते. जपानात तिच्याच घराण्यातली टर्बो लावलेली ‘ऑल्टो वर्क्स’ होती आणि तीही या मालिकेत चालवायला मिळते. स्कायलाइन जीटी-आर तेव्हा अमेरिकेत विकलीच जात नव्हती. तिथल्या पोरांना तिचा पत्ता बऱ्याच अंशी या खेळातून लागला. २००१पासून इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स आणि २००३पासून लान्सर एव्होल्यूशन अमेरिकेत विकायला आल्या. त्याचं सगळं श्रेय या खेळाला देणं अतिशयोक्ती ठरेल, कारण रॅलीतली कीर्ती आणि चित्रपटही होतेच. पण जपानच्या एका दशकाच्या मोटारउद्योगाचं दर्शन परदेशातल्या लाखो घरांत पोचवलं ते या खेळानेच.

१९९९च्या दुसऱ्या भागात मोटारी ६००च्या पुढे गेल्या. २००१चा तिसरा भाग नव्या प्लेस्टेशन २साठी होता. तिथे चित्र इतकं सुधारलं की गाड्या २००च्या आत आणाव्या लागल्या. तोच भाग मालिकेतल्या सर्वाधिक खपलेल्या भागांपैकी एक ठरला, सुमारे दीड कोटी प्रती. पण माझ्या मते मालिकेचा स्वभाव सर्वांत स्वच्छ दिसतो तो २००४च्या चौथ्या भागात. सातशेहून अधिक मोटारी, त्यांत १८८६ची बेंझची तीन चाकांची मोटार, त्याच वर्षाची डाइमलरची मोटारगाडी, फोर्डची मॉडेल टी आणि आपल्या रिक्षाची आठवण करून देणारी दाइहात्सूची मिजेट. यांच्याबरोबर शर्यत लावणं निरर्थक आहे. बेंझची ती गाडी जर्मनीतल्या नुर्बर्गरिंगच्या वीस किलोमीटरच्या जुन्या मार्गावर सोडली तर एक फेरी पुरी व्हायला तास उलटून जातो. शर्यतीचा खेळ बनवणाऱ्याने या गाड्यांवर महिनोन् महिने घालवणं हा वेडेपणा होय. मोटारींची नोंदवही लिहिणाऱ्याला मात्र त्या वगळताच येणार नाहीत. याच भागात छायाचित्रं काढण्याची सोय आली आणि ‘बी-स्पेक’ नावाचा प्रकार आला, ज्यात खेळणारा गाडी चालवतच नाही, चालकाला सूचना देतो. खेळणाऱ्याच्या हातून स्टिअरिंग काढून घेण्याचं धाडस शर्यतीच्या दुसऱ्या खेळाने केलं नसतं.

याच स्वभावाने मालिकेला गोत्यातही आणलं. यामाऊची सांगत आले आहेत की सुरुवातीला एक मोटार उभी करायला साधारण एक दिवस लागे, प्लेस्टेशन २च्या काळात महिना, आणि प्लेस्टेशन ३वर सहा महिने. पहिल्या खेळातली मोटार सुमारे ३०० बहुकोनांची होती, पाचव्यातली लाखांच्या घरातली. तरीही जुनी मोटार टाकून द्यायला मन धजेना. २०१०मध्ये, अनेकदा लांबणीवर पडून, पाचवा भाग आला तेव्हा हजाराहून अधिक मोटारींतल्या दोनशेच नव्याने घडवलेल्या होत्या. बाकीच्या मागच्या पिढीतून उचललेल्या, आतल्या बाजूला अंधार असलेल्या. टीकाकारांनी झोडपलं आणि ते रास्त होतं. प्रतिस्पर्ध्यांबद्दलची तक्रारही तितकीच रास्त होती. वर्षानुवर्षं या खेळातल्या इतर गाड्या आगगाडीच्या डब्यांसारख्या एका रेषेत चालत राहिल्या; तुम्ही आडवे आलात तर थेट येऊन आदळत. मायक्रोसॉफ्टच्या ‘फोर्झा मोटरस्पोर्ट’ने २००५मध्ये स्पर्धेत उतरताना नेमकी हीच उणीव हेरली. आणि हे दुर्लक्ष अपघाताने झालेलं नव्हतं. ज्याचं सगळं लक्ष खेळणारा आणि त्याची गाडी यांच्यावर आहे, त्याला बाकीच्या गाड्या हलतं नेपथ्य वाटत राहिल्या.

यावर पहिला आक्षेप येतो तो जाहिरातीचा. कंपन्यांच्या परवानगीवाचून खरी मोटार दाखवता येत नाही, मग ही नोंदवही निष्पक्ष कशी? आक्षेपात तथ्य आहे. मोटारीला इजा होताना दिसायला पाचवा भाग उजाडावा लागला, आणि तेव्हाही ती जपून दाखवली. ‘द नीड फॉर स्पीड’वाल्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्सकडे पोर्शेचे हक्क अडकल्यामुळे २०१७पर्यंत पोर्शे या मालिकेत नव्हती; तिची उणीव पोर्शेच्या ढाच्यावर बेतलेल्या रूफच्या गाड्या भरून काढत. फेरारीही सुरुवातीच्या भागांत नव्हती. २००७च्या निस्सान जीटी-आरच्या डॅशबोर्डवरचा माहितीचा पडदा तर पॉलिफनीनेच रचला. म्हणजे नोंद करणारा आणि जिची नोंद होते ती कंपनी यांचं नातं घरोब्याचं आहे. पण निव्वळ जाहिरातदाराने उत्पादन बंद झालेल्या गाड्यांचा जुना बाजार मांडला नसता. त्यातून कंपनीला एक येनही मिळत नाही. मोटारींतले दोष, परत मागवलेल्या गाड्या, बळी गेलेली माणसं या नोंदवहीत नाहीत, हे खरंच. ती एकांगी आहे. एकांगी असूनही मोलाची आहे, कारण डेमिओसारख्या मोटारी कुठलं संग्रहालय जतन करतं?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार. या खेळातून खरे शर्यतपटू घडले, मग हा शर्यतीचा खेळ नाही असं कसं म्हणायचं? निस्सान आणि सोनीने २००८मध्ये सुरू केलेल्या जीटी अकॅडमीतून स्पेनचा लुकास ओर्दोन्येझ पुढे आला. २०११च्या ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत त्याच्या चमूने एलएमपी२ गटात दुसरा क्रमांक मिळवला. अकॅडमीचा २०११चा विजेता, ब्रिटनचा यान मार्डेनबरो २०१३मध्ये त्याच गटात तिसऱ्या स्थानावर होता. २०१४मध्ये अकॅडमीच्या स्पर्धेत भारतही होता. पण निवड कशी होत असे ते बघा. पहिल्या फेऱ्यांत एकट्याने, घड्याळाविरुद्ध गाडी चालवायची असे. एक मोटार, एक मार्ग आणि हजारांश सेकंदापर्यंतची वेळ. परवान्याच्या परीक्षेचंच हे मोठं रूप होतं. वजन पुढे-मागे कसं सरकतं आणि ब्रेक कुठे सोडायचा हे खेळाने शिकवलं. इतरांशी झुंजायला, अंगावर येणारा ताण सोसायला निस्सानने खऱ्या मार्गांवर वेगळं शिक्षण दिलं. मार्डेनबरोवर बेतलेल्या, २०२३च्या नील ब्लोमकॅम्प यांच्या चित्रपटात या फरकाला जागा नाही. त्याहून गंभीर म्हणजे मार्च २०१५मध्ये नुर्बर्गरिंगवर मार्डेनबरोची गाडी उडून एक प्रेक्षक मरण पावला, ती घटना चित्रपटाने ल मान्सच्या आधी नेऊन ठेवली आणि नायकाच्या उभारीचं कारण केली. खऱ्या माणसाच्या मृत्यूची तारीख कथेच्या सोयीने हलवणं मला क्षम्य वाटत नाही.

तिसरा आक्षेप मालिकेनेच उभा केला. २०१७चा ‘ग्रॅन टुरिस्मो स्पोर्ट’ आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या, म्हणजे फियाच्या साथीने आला. भर ऑनलाइन स्पर्धेवर होता, सुमारे दीडशे मोटारी होत्या, आणि साध्या गाडीपासून वर चढत जाण्याची जुनी वाट गायब होती. निष्ठावंत खेळणारे इतके नाराज झाले की दोन महिन्यांत, डिसेंबर २०१७मध्ये, ‘जीटी लीग’ या नावाने ती वाट फुकट परत द्यावी लागली. मार्च २०२२च्या सातव्या भागाने तर एक कॅफेच थाटला. तिथला यजमान तीन-तीन मोटारी जमवण्याची कामं देतो आणि जमल्या की त्यांची गोष्ट सांगतो. सुरुवात होते ती टोयोटा अ‍ॅक्वा, होंडा फिट आणि डेमिओ यांच्यातून. पंचवीस वर्षांनी डेमिओ पुन्हा दारातच उभी. त्याच वर्षी फेब्रुवारीत ‘नेचर’मध्ये सोनीच्या ‘सोफी’ या कृत्रिम बुद्धिमत्तेवरचा शोधनिबंध आला. जगातल्या अव्वल खेळाडूंना हरवणारा हा चालक नंतर खेळातही आला. प्रतिस्पर्ध्यांचा जुना दोष निघायला इतका काळ लागला आणि तोही सोनीच्या वेगळ्या संशोधनामुळे निघाला, हे माझ्या म्हणण्याला पूरकच आहे.

आता काळजीची बाब वेगळीच आहे. सातव्या भागात दुर्मीळ मोटारींच्या किमती हॅगर्टी या विमा आणि मूल्यांकन कंपनीच्या अंदाजांशी जोडल्या आहेत, त्यामुळे एकेका गाडीला कोटी-दीड कोटी क्रेडिट पडतात, आणि क्रेडिट खऱ्या पैशांनीही विकत मिळतं. मार्च २०२२मध्ये बक्षिसं घटवणारा बदल आला, त्याच सुमारास सर्व्हर तीस तासांहून अधिक बंद राहिले, आणि जोडणीविना बहुतेक खेळ चालेना. यामाऊची यांनी माफी मागितली, दहा लाख क्रेडिट दिलं, पुढे बक्षिसं वाढवली. पण प्रश्न बक्षिसांपुरता नव्हता. ज्या खेळाने मोटार तुमची आहे असं मनावर ठसवलं, त्याच खेळात ती मोटार दुसऱ्याच्या सर्व्हरवर ठेवलेली आहे. १९९७ची तबकडी आणि मेमरी कार्ड आजही चालत असेल तर ती जुनी सिव्हिक गॅरेजमध्ये आहे. ‘स्पोर्ट’चे सर्व्हर ३१ जानेवारी २०२४ला बंद झाले, एकट्याने खेळायचा भाग उरला, पण खेळणाऱ्यांनी रंगवून एकमेकांना दिलेल्या हजारो गाड्यांची देवाणघेवाण संपली. सातव्या भागाच्या सर्व्हरचाही शेवटचा दिवस कधीतरी जाहीर होईल. तोपर्यंत न थांबता पॉलिफनीने आत्ताच लेखी सांगावं की त्या दिवशी सगळ्या मोटारी जोडणीविना चालतील अशी आवृत्ती मिळेल. नऊ कोटींहून अधिक प्रती विकलेल्या मालिकेकडे एवढी मागणी करण्याचा अधिकार खेळणाऱ्यांना आहे.