विद्यावेतन थांबले, आता पुढे काय?

"टीचर, मुलाचा पगार बंद झाला. आता सरकार बेकारी भत्ता देईल ना?" हा प्रश्न गेल्या काही काळात मला अनेक अम्मींनी विचारला आहे. विचारणाऱ्या बहुतेक घरांची गोष्ट सारखीच असते. मुलगा किंवा मुलगी पदवीधर. ग्रामपंचायतीत, शाळेत, सरकारी दवाखान्यात किंवा एखाद्या कार्यालयात प्रशिक्षणार्थी म्हणून काम केलेले. दरमहा खात्यात पैसे यायचे, त्यातून धाकट्या बहिणीची फी भरली जायची, अब्बांची औषधे यायची. मग एक दिवस मुदत संपली आणि पैसे थांबले.

या प्रश्नाचे उत्तर कडू आहे, पण ते प्रत्येक घराला वेळेवर ठाऊक असायला हवे. महाराष्ट्रात प्रशिक्षण योजनेतून बाहेर पडलेल्या तरुणाला बेकारी भत्ता मिळत नाही. तो का मिळत नाही आणि मग मदतीचे कोणते दार खरोखर उघडे आहे, हे समजून घेऊ या.

विद्यावेतन म्हणजे पगार नव्हे

महाराष्ट्र शासनाने 2024 च्या जुलैमध्ये "मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना" सुरू केली. लोकांच्या तोंडी तिचे नाव "लाडका भाऊ योजना" असे बसले. 18 ते 35 वर्षे वयाचे, महाराष्ट्राचे रहिवासी असलेले आणि सध्या शिक्षण घेत नसलेले तरुण-तरुणी तिच्यात येऊ शकतात. बारावी उत्तीर्ण असल्यास दरमहा 6,000, आयटीआय किंवा पदविका असल्यास 8,000 आणि पदवीधर असल्यास 10,000 रुपये थेट बँक खात्यात जमा होतात. सुरुवातीला मुदत सहा महिन्यांची होती. पुढे 2025 मध्ये ती पाच महिन्यांनी वाढवून अकरा महिने करण्यात आली.

या रकमेला शासनाच्या कागदावर "विद्यावेतन" म्हटले आहे. घरात आपण तिला पगार म्हणतो आणि तिथेच गैरसमजाचे मूळ आहे. पगार घेणारा माणूस कायद्याच्या नजरेत कर्मचारी असतो. विद्यावेतन घेणारा शिकणारा असतो. म्हणून या योजनेतील प्रशिक्षणार्थ्याला किमान वेतन, राज्य कामगार विमा, भविष्य निर्वाह निधी हे कायदे लागू होत नाहीत. त्याच्या नावाने पीएफ कापला जात नाही, ईएसआयची वर्गणी भरली जात नाही. अकरा महिने सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत मन लावून काम केले, तरी विम्याच्या हिशेबात त्या काळाची नोंद शून्य असते.

कारखान्यातील शिकाऊ उमेदवारांचीही हीच स्थिती आहे. शिकाऊ उमेदवार अधिनियम, 1961 स्पष्ट सांगतो की शिकाऊ उमेदवार हा कामगार नाही. काम करताना इजा झाली तर नुकसानभरपाईची तरतूद त्या कायद्यात आहे, पण बेकारीची नाही. केंद्र सरकारची "प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना" 2024 मध्ये प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. तिच्यात 21 ते 24 वयाच्या तरुणांना मोठ्या कंपन्यांत बारा महिन्यांची संधी, दरमहा 5,000 रुपये, एकदाच 6,000 रुपये आणि जीवन व अपघात विम्याचे संरक्षण दिले होते. मुदत संपल्यावर मिळणारा भत्ता मात्र तिच्यातही नाही.

योजना संपल्यावर आम्हाला कायम करा, या मागणीसाठी मुंबईच्या आझाद मैदानावर प्रशिक्षणार्थ्यांनी आंदोलने केली. त्यांचे दुःख खरे आहे. शासनाने काम करून घेतले आणि शेवटी हातात प्रमाणपत्र दिले, ही त्यांची भावना समजू शकते. मागणी मान्य होवो वा न होवो, घर चालवणाऱ्यांनी आजचा नियम काय आहे ते धरून चालले पाहिजे.

दोन राज्यांचा गोंधळ

काही जण म्हणतात, "पण अमुक राज्यात तर भत्ता मिळतो!" हे अर्धे खरे आहे. राज्याराज्यांचे नियम वेगवेगळे आहेत.

बेळगाव, बिदर, कलबुर्गी भागात राहणाऱ्या आपल्या वाचकांना कर्नाटकची "युवा निधी" योजना ठाऊक असेल. पदवी मिळून 180 दिवस झाले तरी काम मिळाले नाही, तर पदवीधराला दरमहा 3,000 आणि पदविकाधारकाला 1,500 रुपये मिळतात. हे जास्तीत जास्त दोन वर्षे, किंवा नोकरी लागेपर्यंत. ही योजना कर्नाटकच्या रहिवाशांसाठीच आहे. शिवाय जो अप्रेंटिस म्हणून वेतन घेतो किंवा पुढचे शिक्षण घेतो, तो तिच्यात बसत नाही. म्हणजे तिथे प्रशिक्षण आणि भत्ता एकाच वेळी चालत नाहीत.

राजस्थानात नेमके उलट आहे. तिथल्या "मुख्यमंत्री युवा संबल योजने"त पुरुषांना दरमहा 4,000 आणि महिलांना 4,500 रुपये बेकारी भत्ता मिळतो, पण त्यासाठी सरकारी विभागात रोज चार तास इंटर्नशिप करावी लागते. मुदत तिथेही दोन वर्षांची आहे.

महाराष्ट्राने तिसरी वाट धरली. प्रशिक्षणाच्या काळात रक्कम जास्त, आणि नंतर काही नाही. त्यामुळे नातेवाइकांच्या राज्यातला नियम ऐकून आपल्या घरचा हिशेब मांडू नये.

याच गोंधळाचा फायदा घेणारे लोकही आहेत. "प्रधानमंत्री बेरोजगारी भत्ता योजना" अशा नावाचे संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. अशी कोणतीही योजना नाही, असे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने जाहीर केलेले आहे. त्यातल्या लिंकवर आधार क्रमांक, खाते क्रमांक आणि ओटीपी मागतात. घरातल्या सर्वांना, विशेषतः मोबाइल हाताळणाऱ्या धाकट्यांना आणि वडीलधाऱ्यांना, हे सांगून ठेवावे.

खरे दार: ईएसआय

आपल्या देशात नोकरी गेल्यावर पैसे देणारी एक व्यवस्था आहे, पण ती नोकरदारांसाठी आहे. कर्मचारी राज्य विमा महामंडळाने, म्हणजे ईएसआयने, 1 जुलै 2018 पासून "अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना" सुरू केली. विमाधारक कामगाराची नोकरी गेली तर जास्तीत जास्त नव्वद दिवस त्याला रोख मदत मिळते. पूर्वी ती सरासरी वेतनाच्या पंचवीस टक्के होती. करोनाच्या काळात, 2020 मध्ये, ती पन्नास टक्के करण्यात आली. नोकरी गेल्यावर तीस दिवसांनी दावा करता येतो, मालकाची वाट न पाहता तो थेट ईएसआयच्या शाखेत देता येतो आणि पैसे बँक खात्यात येतात.

अटी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. नोकरी जाण्याआधी विमा लागू असलेले काम किमान ठरावीक काळ झालेले असावे लागते आणि त्या काळात ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. सवलतीच्या नियमात हा काळ एक वर्षाचा आहे. गैरवर्तनासाठी काढून टाकले किंवा माणूस वयाने निवृत्त झाला, तर लाभ नाही. ही मदत आयुष्यात एकदाच मिळते. योजनेची आणि सवलतीची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून दावा करण्याआधी जवळच्या शाखेत चालू नियम विचारून घ्यावा.

याचा अर्थ असा की बेकारीतली मदत वर्गणीच्या नोंदीतून उभी राहते. प्रशिक्षणात ती नोंद नसते. म्हणून प्रशिक्षणानंतरची पहिली नोकरी कोणती, यावर पुढचे बरेच अवलंबून आहे.

कपातीला घाबरू नका

प्रशिक्षण संपलेल्या मुलासमोर दोन नोकऱ्या आहेत असे समजा. एका दुकानदाराकडे रोख 15,000 रुपये, कागद काही नाही. दुसरीकडे एका कंपनीत तेवढाच पगार, पण ईएसआय आणि पीएफची कपात. घरात लगेच म्हणतात, "हातात जास्त मिळते ते घे." जरा हिशेब करू या.

ईएसआयसाठी कामगाराच्या वेतनातून 0.75 टक्के कापतात. 15,000 वर ते सुमारे 113 रुपये होतात. मालक स्वतःच्या खिशातून 3.25 टक्के, म्हणजे सुमारे 488 रुपये भरतो. एवढ्या वर्गणीवर कामगाराला, त्याच्या पत्नीला, मुलांना आणि अवलंबून असलेल्या आईवडिलांना ईएसआयच्या दवाखान्यात उपचार मिळतात. आजारपणात रोख लाभ मिळतो. आणि अटी पूर्ण करून नोकरी गेली, तर निम्म्या वेतनाने तीन महिन्यांत सुमारे 22,500 रुपये घरात येऊ शकतात. महिन्याला 113 रुपयांच्या बदल्यात हा सौदा तोट्याचा नाही. दरमहा 21,000 रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांना हा विमा लागू होतो.

पीएफची कपात मोठी असते, 15,000 मूळ वेतनावर 1,800 रुपये. पण ती रक्कम मुलाचीच असते, आणि मालकही तेवढाच वाटा भरतो. तिला बेकारी भत्ता समजू नये. ती अडचणीच्या वेळेसाठी आणि म्हातारपणासाठी जमणारी बचत आहे.

जर्मनीतली पद्धत पाहिली की फरक लक्षात येतो. तिथे कारखान्यात शिकणाऱ्या शिकाऊ उमेदवाराच्या वेतनातूनही बेकारी विम्याची वर्गणी कापली जाते. शिकणे संपले आणि काम मिळाले नाही, तर त्याला आधीच्या निव्वळ वेतनाच्या सुमारे साठ टक्के भत्ता मिळू शकतो. शिकणाऱ्याच्या काळाचीही नोंद ठेवता येते, हे तिथे दिसते. आपल्याकडे आंदोलन करणाऱ्या तरुणांनी नोकरीबरोबरच हीही मागणी करावी, असे मला वाटते.

मुदत चालू असतानाच करायची कामे

ज्यांच्या घरात कोणी अजून प्रशिक्षणात आहे, त्यांनी पुढील गोष्टी आजच हाती घ्याव्यात.

पहिले काम नावाचे. शाळेत दाखले देताना मला रोज दिसते की आपल्या मुलांची नावे प्रत्येक कागदावर वेगळी असतात. गुणपत्रिकेवर शेख आधी, आधारवर शेख शेवटी. एकीकडे मोहम्मद, दुसरीकडे मुहम्मद, तिसरीकडे नुसते "मो." मुलींच्या नावापुढे कुठे बी, कुठे बेगम, कुठे काहीच नाही. विद्यावेतन एखाद्या वेळी या घोळातही निघून जाईल, पण पीएफ आणि ईएसआयच्या नोंदीत नाव व जन्मतारीख आधारशी जुळली नाही की दावा अडकतो. नोकरी लागण्याआधी सर्व कागद एका नावावर आणा. सुरुवात दहावीच्या गुणपत्रिकेपासून करा, कारण बाकीचे कागद तिच्याच आधारावर दुरुस्त करणे सोपे जाते.

दुसरे, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र मागून घ्या. केलेल्या कामाचा तपशील त्यात यावा असा आग्रह धरा. "कार्यालयीन काम केले" यापेक्षा "संगणकावर नोंदी केल्या, दाखले तयार केले" असे लिहिलेले पुढच्या मालकाला जास्त सांगते.

तिसरे, विद्यावेतनावर कायमचा खर्च उभारू नका. मोटारसायकलचा हप्ता अकरा महिन्यांत संपत नाही, विद्यावेतन संपते. दरमहा निदान दोन हजार बाजूला ठेवले तर अकरा महिन्यांत बावीस हजार जमतात. महाराष्ट्रातल्या प्रशिक्षणार्थ्यासाठी आज तोच बेकारी भत्ता आहे.

चौथे, शेवटच्या महिन्याची वाट पाहू नका. सातव्या-आठव्या महिन्यापासून अर्ज सुरू करावेत. चांगली नोकरी मध्येच मिळाली, तर उरलेल्या विद्यावेतनासाठी ती सोडू नये.

पाचवे, नोकरी स्वीकारताना लाजू नका. "ईएसआय आणि पीएफ लागू आहे का, नियुक्तीपत्र मिळेल का?" हा प्रश्न मुलाने आणि मुलीनेही विचारावा. नोकरी लागल्यावर ईएसआयचा विमा क्रमांक आणि पीएफचा यूएएन क्रमांक घरच्या वहीत लिहून ठेवावा. वर्गणी खरोखर भरली जाते का, हे दोन-तीन महिन्यांनी ऑनलाइन तपासावे. पगारातून कापून न भरणारे मालकही असतात.

आपण मुलांना पदवीपर्यंत मोठ्या कष्टाने नेतो. पहिल्या नोकरीच्या वेळी मात्र फक्त "किती मिळणार?" एवढेच विचारतो. त्याच्या जोडीला "काय कापणार आणि कुठे भरणार?" हेही विचारायची सवय लावू या. नोकरी जाणे कोणाच्या हातात नसते. पण ती गेली तर ईएसआयच्या शाखेत दाखवायला वर्गणीची नोंद असावी, एवढी काळजी नोकरी धरतानाच घेता येते.