ताण माणसाचा की कामाचा?

कर्मचाऱ्यांच्या मनावरील ताण हलका व्हावा म्हणून ध्यानवर्ग, व्याख्याने आणि ‘ताण-व्यवस्थापना’ची शिबिरे भरविण्याची प्रथा कचेऱ्यांतून आता चांगलीच रूढ झाली आहे. शिबिराअखेर प्रश्नावली फिरते, उपस्थित समाधान नोंदवितात आणि उपक्रम यशस्वी झाल्याचा अहवाल वरिष्ठांकडे रवाना होतो. या अहवालात एक मूलभूत खोट असते. शिबिरास आपखुशीने येणारा मनुष्य बहुधा आधीच निरोगी व उत्साही असतो. ज्याच्या टेबलावर फायलींचा ढीग साचला आहे, त्याला उठून येण्यास सवड कोठली?

ही खोट किती मोठी आहे हे अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात २०१६ साली सुरू झालेल्या प्रयोगाने दाखविले. डेमन जोन्स, डेव्हिड मॉलिटर व ज्युलियन रीफ या अर्थशास्त्रज्ञांनी सुमारे ५,००० कर्मचाऱ्यांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी केली आणि एकाच गटास आरोग्य-तपासणी, ताण-नियंत्रण आदी उपक्रम देऊ केले. भाग घेणारे व न घेणारे यांची नुसती तुलना करता पहिल्यांचा वैद्यकीय खर्च कमी भरला. पण मूळ दोन गट शेजारी ठेवताच हा लाभ नाहीसा झाला. भाग घेणाऱ्यांचा खर्च उपक्रमापूर्वीही कमीच होता!

ब्रिटनमधील २३३ संस्थांतील ४६,३३६ कर्मचाऱ्यांच्या माहितीवरून विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४ मध्ये मांडलेला निष्कर्षही याच वळणाचा आहे. स्वयंसेवेचा अपवाद वगळता अशा उपक्रमांत भाग घेणारे इतरांहून बऱ्या स्थितीत आढळले नाहीत. हा प्रयोग नव्हे, पाहणी होय, हे खरे. परंतु वरील खोट लक्षात घेता ते निदान कागदावर तरी सरस दिसावयास हवे होते.

मग ताण उपजतो कोठे? जबाबदारी मोठी म्हणून साहेबाला ताण अधिक, अशी सार्वत्रिक समजूत आहे. लंडनमधील सरकारी नोकरांच्या १९६७ साली सुरू झालेल्या ‘व्हाइटहॉल’ पाहणीत मात्र हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वांत खालच्या श्रेणीत सर्वांत वरच्या श्रेणीच्या तिपटीहून अधिक आढळले. धूम्रपान, रक्तदाब वगैरे जमेस धरूनही ही तफावत पुष्कळशी उरली. मायकेल मार्मट यांनी १९८५ मध्ये १०,३०८ नोकरांची दुसरी पाहणी हाती घेतली. आपले काम कसे व कोणत्या क्रमाने करावे हे ठरविण्याची मुभा ज्यांना कमी, त्यांना हृदयविकाराचा धोका अधिक, असे तीत दिसून आले.

ध्यानवर्गाने ही मुभा वाढत नाही. ती वाढविण्यासाठी वरिष्ठांना थोडा अधिकार सोडावा लागतो. शिबिराला तेवढाही त्याग लागत नाही, म्हणूनच ते सोयीचे ठरते. शिबिराचा खर्च मंजूर करणाऱ्यांनी उपस्थितीचा आकडा मागण्याऐवजी त्या विभागात किती जागा रिकाम्या आहेत आणि त्यांचे काम कोणाच्या टेबलावर जाऊन पडले आहे, याचा तक्ता आधी मागवावा.